आगगाडीची राखण

माझे थोरले मामा कल्याणला रेल्वेच्या चाळीत राहत. नोकरी ‘वॉच अँड वॉर्ड’मधली, म्हणजे साध्या मराठीत राखणदारीची. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही भाचरे त्यांच्याकडे उतरत असू. रात्रपाळी असली की मामा लवकर जेवून घेत, खाकी डगला चढवीत आणि एका हातात काठी, दुसऱ्या हातात कंदील घेऊन यार्डाकडे चालू लागत. मालडब्यांच्या रांगांमधून हिंडायचे, दर दाराशी कंदील उंच धरून सील शाबूत आहे की नाही ते पाहायचे, तुटलेले दिसले तर डब्याचा नंबर टिपून घ्यायचा, असे त्यांचे काम. एकदा मी त्यांना विचारले, “मामा, मालाची राखण तुम्ही करता, मग गाडीतल्या माणसांची कोण करतं?”

मामा हसले. म्हणाले, “अरे, माणसांना तोंड आहे, ती ओरडतील. गाठोड्याला तोंड नसतं, म्हणून त्याला राखणदार लागतो.”

पुढे नोकरीतून मोकळा झाल्यावर हौसेने रेल्वेविषयी वाचू लागलो, तेव्हा ध्यानात आले की मामांचे ते सहज उद्गार म्हणजे आपल्या रेल्वेच्या सुरक्षेचा जवळजवळ दीडशे वर्षांचा इतिहास होता.

१६ एप्रिल १८५३ चा बोरीबंदर ते ठाणे हा पहिला प्रवास, त्या चौदा डब्यांसह आणि तीन इंजिनांसह, शाळेतल्या पुस्तकांमुळे सर्वांना पाठ आहे. मात्र चारशे पाहुण्यांना ठाण्याची हवा खाऊ घालण्यासाठी कोणी विलायतेतून भांडवल आणले नव्हते. कंपनीचे डोळे लागले होते घाटावरच्या कापसाकडे. १८६३ मध्ये बोरघाट आणि १८६५ मध्ये थळघाट ओलांडून रूळ वर गेले, आणि वऱ्हाड-खानदेशचा कापूस मुंबई बंदराच्या वाटेला लागला. गठ्ठा हरवला तर व्यापारी भरपाई मागणार. मग राखण कशाची करायची हा प्रश्न कंपनीला पडलाच नाही.

प्रथम कंपन्यांनी आपल्या काही नोकरांनाच पोलीस म्हणून नेमले. ईस्ट इंडियन रेल्वेने १८५४ मध्येच हा प्रघात पाडला. १८६१ चा पोलीस कायदा आल्यावर सरकारी पोलीस रेल्वेवर आले आणि त्यांचा खर्च कंपन्यांच्या माथी बसला. खर्च आपला आणि हुकूम दुसऱ्याचा, हे व्यापारी माणसाला कसे रुचावे? १८७२ मध्ये एक समिती बसली आणि तिने वाटणी सुचवली. कायदा व गुन्हे सरकारी पोलिसांकडे, आणि मालमत्तेची राखण कंपनीच्या माणसांकडे. १८८१-८२ च्या सुमारास ही वाटणी अमलात आली. तिला आता एकशेचाळीसहून अधिक वर्षे झाली, कंपन्या गेल्या, साम्राज्य गेले, पण तो सांधा अजून तसाच आहे.

कंपन्यांनी मग चौकीदार नेमले, तेही खात्याखात्यांचे निराळे. जो तो आपापल्या खात्याच्या साहेबाचा ताबेदार. यातली मौज कोणाही गृहिणीच्या चटकन लक्षात येईल: ज्या कोठारातून साखर नाहीशी होते, त्याच्याच कारभाऱ्याच्या हाताखाली राखणदार ठेवला तर त्याने ओरडायचे कोणाकडे? चोऱ्या वाढल्या, तेव्हा पोलिसी धर्तीवर हे सगळे चौकीदार एकत्र करून त्यांच्यावर स्वतंत्र सुपरिंटेंडेंट नेमण्यात आला. हेच ते वॉच अँड वॉर्ड. आज ज्याला आपण मुख्य सुरक्षा आयुक्त म्हणतो, त्या पदाचा हा मूळपुरुष. त्याच्या ताब्यात होती कुलपे, सिले, वखारी आणि गठ्ठे.

आणि माणसे? त्यांना काहीच मिळाले नाही असे मात्र म्हणता येणार नाही. १८९० चा रेल्वे कायदा मी मुद्दाम काढून वाचला. त्यात उतारूंच्या वाट्याला दोन गोष्टी आल्या आहेत. एक, उतारूला गाडीवरच्या नोकरांना इशारा देता यावा अशी सोय; आपण जिला साखळी म्हणतो तीच. दुसरी, दर उतारूगाडीत सर्वांत खालच्या वर्गाचा निदान एक कप्पा केवळ स्त्रियांसाठी राखून ठेवायचा, आणि गाडी पन्नास मैलांहून लांब जाणारी असेल तर त्या कप्प्याला शौचकूपही असायचे. साखळी आणि लाकडी भिंत! साखळी म्हणजे ओरडायचे साधन, भिंत म्हणजे अंतर. राखणदार दोन्हींत कुठेच नाही. तरी तो स्त्रियांचा कप्पा मला क्षुद्र वाटत नाही. एकटी बाई घराबाहेर पडू शकली त्यात त्या लाकडी भिंतीचा वाटा किती, हे कोणीतरी एकदा मोजायला हवे.

स्वातंत्र्य आल्यावर घटनाकारांनी विषयांची वाटणी केली. रेल्वे केंद्राकडे गेली. पोलीस राज्यांकडे, आणि त्या नोंदीत रेल्वेवरचे पोलीसही आहेत असे स्पष्ट शब्दांत घातले. म्हणून आपल्या फलाटावर आजही दोन खाकी गणवेश दिसतात. एक लोहमार्ग पोलीस, राज्याचे. दुसरे रेल्वे सुरक्षा दल, केंद्राचे. तुमचे पाकीट मारले गेले तर पहिल्यांकडे जायचे; डब्यातला पंखाच कोणी काढून नेला तर ते काम दुसऱ्यांचे. धांदलीत निघालेल्या माणसाने खांद्यावरची अक्षरे वाचून हे ठरवायचे!

वॉच अँड वॉर्डचे रूपांतर १९५७ च्या कायद्याने रेल्वे सुरक्षा दलात झाले. मामांना नवा बिल्ला मिळाला, त्याचे त्यांना फार अप्रूप होते. त्या कायद्याच्या शीर्षकातच दलाचा हेतू दिला आहे: रेल्वेच्या मालमत्तेचे अधिक चांगले रक्षण. १९६६ मध्ये त्या दलाच्या हाती चौकशीचे खरे अधिकार देणारा कायदा झाला, तोही रेल्वेची मालमत्ता बेकायदा बाळगणाऱ्यांविरुद्ध. १९८५ मध्ये दल सशस्त्र झाले. १९९४ च्या ऑगस्टपासून, गाडीत दहशतवादी कृत्यात, दरोड्यात किंवा गाडीतून पडून मनुष्य दगावला तर रेल्वेने भरपाई द्यावी असे ठरले. गाठोड्याची भरपाई किती जुनी आणि ही किती अलीकडची! शेवटी २००३ च्या दुरुस्तीने त्या १९५७ च्या शीर्षकात मालमत्तेपुढे दोन शब्दप्रयोग वाढवले: ‘उतारूंचा वावर असलेली जागा’ आणि ‘उतारू’. दुरुस्ती २००४ च्या जुलैपासून लागू झाली. पहिली गाडी धावल्यानंतर एकशेएक्कावन्न वर्षांनी राखणदाराच्या यादीत माणसाचे नाव चढले.

तोवर काळ पालटला होता. १३ मार्च २००३ रोजी मुलुंडला लोकलमध्ये बॉम्ब फुटला होता. आणि मग ११ जुलै २००६ ची संध्याकाळ आली. पश्चिम रेल्वेच्या सात गाड्या, सात पहिल्या वर्गाचे डबे, अकरा मिनिटांत सात स्फोट. माटुंगा रोड, माहीम, वांद्रे, खार, जोगेश्वरी, बोरिवली, मीरा रोड ही नावे त्या रात्री घरोघर जपासारखी म्हटली जात होती. १८० हून अधिक माणसे गेली. माझी सून तेव्हा अंधेरीला नोकरीला होती. फोन लागत नव्हते. साडेअकरा वाजता ती दादरला घरी पोचली, बरीचशी वाट चालून, चपला हातात घेऊन. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतो तो ही डबा भरते आहे. मी म्हटले, “अगं, आज कशाला?” ती म्हणाली, “बाबा, गाड्या चालू आहेत, आणि रजा शिल्लक नाही.” वर्तमानपत्रांनी त्याला मुंबईची जिद्द म्हटले. (त्या खटल्यात विशेष न्यायालयाने २०१५ मध्ये बारा जणांना दोषी ठरवले, २१ जुलै २०२५ रोजी उच्च न्यायालयाने त्या बाराही जणांची शिक्षा रद्द केली, आणि राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले. ज्यांची माणसे गेली, त्यांनी एकोणीस वर्षे वाट पाहून हे ऐकले.)

त्या दिवसांत ज्याच्या त्याच्या तोंडी एकच प्रश्न होता: प्रत्येकाला तपासून आत का सोडत नाहीत? वाचकहो, क्षणभर त्या मुख्य सुरक्षा अधिकाऱ्याच्या खुर्चीत बसून पाहा. गर्दीच्या वेळी बारा डब्यांच्या एका लोकलमध्ये पाच हजारांच्या आसपास माणसे कोंबलेली असतात. एकेकाला तपासायला पाच सेकंद धरली, तर एका दारातून एवढी माणसे सोडायला जवळजवळ सात तास लागतील. वीस दारे केली तरी वीस मिनिटांवर वेळ जातो, आणि पाठची गाडी तर तीन-चार मिनिटांत येऊन उभी राहते. शिवाय दाराबाहेर जी रांग लागेल, तीच घातपात करणाऱ्याला आयती गर्दी. दिल्लीच्या मेट्रोला हे साधते. तिची स्थानके मुळातच बंद पेटीसारखी बांधलेली, आणि २००७ पासून तिथे केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाचे जवान प्रत्येकाची झडती घेतात. तिथेही सकाळी पिशव्यांची रांग लागतेच. आमचे दादर म्हणजे मात्र स्टेशन आहे, बाजार आहे, आणि पूर्वेकडून पश्चिमेला जायचा रस्ताही आहे. भाजीची जुडी काखेत मारून पुलावरून पलीकडे जाणाऱ्या बाईला उतारू म्हणायचे की वाटसरू? ज्या रेल्वेने गावात दारेच ठेवली नाहीत, तिथे पहारेकरी उभा तरी कुठे करायचा? लंडनवाल्यांपुढेही हाच पेच होता. १९९१ च्या फेब्रुवारीत तिथल्या व्हिक्टोरिया स्थानकात कचऱ्याच्या डब्यात ठेवलेला बॉम्ब फुटला, आणि स्थानकांतले कचऱ्याचे डबेच हलवण्यात आले. हास्यास्पद वाटेल, पण या धंद्यातले शहाणपण बहुधा असेच असते: दार लावता येत नसेल तर निदान कोपरे मोकळे ठेवावेत, जिथे तिथे नजर पोचेल असे करावे, आणि बेवारशी पिशवी दिसली तर चारचौघांत मोठ्याने विचारायला लोकांना शिकवावे.

मोठ्याने! इथे मला मामांचे वाक्य पुन्हा आठवते.

२६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री दोन बंदूकधारी छत्रपती शिवाजी टर्मिनसमध्ये शिरले आणि लांब पल्ल्याच्या गाड्यांची वाट पाहत बसलेल्या लोकांवर त्यांनी गोळ्यांचा वर्षाव केला. ५० हून अधिक माणसे तिथे पडली. दोन्ही गणवेशांतले लोक त्या रात्री तिथे होते. लोहमार्ग पोलिसांचे निरीक्षक शशांक शिंदे हल्लेखोरांना सामोरे गेले आणि मारले गेले. सुरक्षा दलाचे झिल्लू यादव यांच्या हाती काठी होती. त्यांनी दुसऱ्या शिपायाची बंदूक घेऊन गोळ्या झाडल्या. एकाच फलाटावर दोन खात्यांत वाटलेली राखण त्या घटकेपुरती एक झाली होती. पण त्यांच्या बंदुका जुन्या, समोरच्यांच्या हातात एके-४७. लोकलच्या फलाटांकडची माणसे मात्र वाचली ती पुष्कळशी एका आवाजामुळे. वरच्या खोलीत बसून गाड्यांची घोषणा करणारे विष्णू झेंडे यांनी खालचा प्रकार काचेतून पाहिला आणि ध्वनिक्षेपक सोडला नाही. तिकडे जाऊ नका, मागच्या बाजूने बाहेर पडा, असे ते पुन्हा पुन्हा सांगत राहिले. खोलीच्या दिशेने गोळ्या आल्या तरी सांगत राहिले. सुरक्षेच्या कुठल्याही तक्त्यात उद्घोषकाची जागा नव्हती; गाडी किती उशिरा येणार हे सांगण्यासाठी त्यांना नेमले होते.

त्यानंतर बंदुका सुधारल्या, कॅमेरे आले, वाळूच्या पोत्यांआड जवान बसू लागले. धातुशोधक चौकटी उभ्या राहिल्या. त्यांतून जाताना त्या ‘पीं’ करतात आणि आपण पुढे जातो. मला त्यांचा राग येत नाही. वरचा हिशेब एकदा केलेला माणूस त्या चौकटींकडून फारशी अपेक्षाच ठेवत नाही.

परवा नातीला उतरवून घ्यायला रात्री अकराच्या सुमारास दादरच्या फलाटावर उभा होतो. गाडी आली. बायकांच्या डब्यातून आमची स्वारी उतरली आणि तिच्यामागून गणवेशातली एक तरुण पोरगी उतरली, हातात काठी. खांद्यावरची अक्षरे वाचायला मी चष्मा सावरला, पण तेवढ्यात ती पुढे गेली होती. बायकांच्या दुसऱ्या डब्याच्या दाराशी थांबून तिने आत वाकून पाहिले, कोपऱ्यात खिडकीशी एकटीच बसलेल्या बाईला काहीतरी विचारले, आणि गाडी हलायच्या आत दांडा धरून आत चढली.