कुरणाचे गवत आणि गाईचा उच्छ्वास

मराठेशाहीत सरकारी पागेसाठी कुरणे राखून ठेवली जात. गवत ही तेव्हा दौलत होती. त्याच गवताकडे आजचे हवामानशास्त्र निराळ्या दृष्टीने पाहते. गवत कोणत्या जातीचे आहे, यावर चरणाऱ्या जनावराच्या पोटातून किती मिथेन वायू बाहेर पडणार, हे बऱ्याच अंशी ठरते. या जाणिवेमागे सव्वादोन शतकांहून मोठा इतिहास आहे.

१७७६ साली आलेस्सांद्रो व्होल्टा याने इटलीतील माज्जोरे सरोवराचा गाळ काठीने ढवळून वर आलेला ज्वलनशील वायू गोळा केला. तोच हा मिथेन. रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटातही दलदलीसारखीच क्रिया चालते. सूक्ष्मजीव गवतातील तंतू कुजवतात, त्यातून हायड्रोजन सुटतो आणि दुसरे सूक्ष्मजीव त्याचा मिथेन करतात. तो मुख्यतः ढेकरेवाटे बाहेर पडतो. पशुतज्ज्ञांना दीर्घकाळ यात केवळ वैरणीची नासाडी दिसत होती, कारण वैरणीतील ऊर्जेचा २ ते १२ टक्के भाग असा व्यर्थ जातो. हा वायू पृथ्वीही तापवतो, हे भान पुढे आले.

गवतांतील भेदाचे मर्म १९६६ साली उलगडले. ऑस्ट्रेलियात मार्शल हॅच व रॉजर स्लॅक यांनी उसाचा अभ्यास करून दाखवले, की काही वनस्पती हवेतील कार्बन प्रथम चार कार्बनांच्या आम्लात बांधतात. आपली मारवेल, कुसळी, एवढेच काय, गणपतीला वाहिली जाणारी दूर्वाही याच वर्गातली. ही गवते उन्हात जोमाने वाढतात, पण लवकर जून होतात आणि त्यांत तंतू अधिक असतो. इंग्लंड वा न्यूझीलंडच्या थंड कुरणांतील रायगवत मात्र तुलनेने मऊ व सुपाच्य असते. ग्वादलूप बेटावरील फ्रेंच संशोधकांनी २०११ साली अनेक प्रयोगांचे निष्कर्ष एकत्र केले, तेव्हा समान खाद्यामागे उष्ण प्रदेशीय गवतांतून सुमारे १७ टक्के अधिक मिथेन निघतो असे दिसले. उष्ण प्रदेशातील शेंगावर्गीय वैरणीने मात्र तो घटतो.

यात न्यायाचा प्रश्न दडलेला आहे. २०१९ च्या पशुगणनेनुसार भारतात गाई-म्हशी ३० कोटींहून अधिक आहेत. त्यांतील कितीतरी जनावरे उन्हाळ्यात वाळलेल्या काडीवर जगतात. वैरण निकृष्ट, म्हणून दूध थोडे; आणि दूध थोडे, म्हणून दर लिटरमागे मिथेनचा आकडा फुगतो. त्या आकड्यावरून गुराख्याला दोषी ठरवणे सोपे आहे, पण गवत निवडण्याची मुभा त्याला कधी होती? गायराने आक्रसत गेली आणि उरल्या माळावर जे उगवले, तेच त्याच्या गुरांच्या वाट्याला आले.

उपायही याच मातीत शोधला जात आहे. झाशीत ग्वाल्हेर रस्त्यावर १९६२ साली स्थापन झालेली भारतीय चरागाह व चारा संशोधन संस्था स्टायलोसारख्या शेंगावर्गीय वनस्पती गवतासोबत वाढवण्यावर काम करीत आली आहे. गवत कोवळे असताना कापणे आणि बरसीमची जोड देणे, हेही याच दिशेचे उपाय होत. कुरण राखणे हे एके काळी राज्यकारभाराचे काम होते. गायरानांच्या बाबतीत ती जबाबदारी आजच्या कारभाऱ्यांनीही पत्करली, तर गुरांचे पोट व हवा या दोहोंचे हित साधेल.