बार्शीचा ताप लातूरला आठवला नाही
2006 साली चिकुनगुनिया लातूर-नांदेडसह मराठवाड्यात पसरला, तेव्हा ‘हा कुठला नवा ताप?’ असं जो तो विचारत होता. खरं तर तो नवा नव्हता. 1965 मध्ये तो नागपुरात आला होता आणि 1973 मध्ये थेट लातूरच्या शेजारी, बार्शीत. तिथे शंभरातली सदतीस-अडतीस माणसं आजारी पडल्याची नोंद आहे. बार्शी आणि लातूर 1911 पासून छोट्या रेल्वेने जोडलेली होती. माल, बाजारहाट, सोयरिकी सगळं त्याच वाटेचं. तरीही तेहतीस वर्षांत या तापाची ओळख पुसली गेली. माझं म्हणणं एवढंच आहे की, ही लक्षणं ओळखायला अवघड कधीच नव्हती. नोंद शास्त्रज्ञांच्या कागदांत राहिली, घराघरांतल्या बोलण्यात राहिली नाही.

लक्षण तर नावातच आहे. 1952-53 च्या सुमारास आजच्या टांझानियात हा विषाणू सापडला. तिथल्या मकोंडे लोकांच्या भाषेतला ‘चिकुनगुनिया’ हा शब्द सांगतो ते माणूस वेदनेने वाकून जाण्याबद्दल. एकाएकी चढलेला ताप, अंगावर पुरळ, आणि दोन्ही हातांची मनगटं, बोटं, पायांचे घोटे असे धरलेले की सकाळी तांब्या उचलवत नाही, उंबरा ओलांडताना भिंतीचा आधार लागतो. ताप काही दिवसांत उतरतो. सांधे कधी कधी महिनोन् महिने दुखत राहतात. आपल्याकडे मात्र त्या नावाचं ‘चिकनगुनिया’ झालं आणि कोंबडीवर संशय आला. 2006 च्याच फेब्रुवारीत नवापूरला बर्ड फ्लू आला होता, त्यामुळे तो संशय आणखी घट्ट झाला. माणसं मांसाहार टाळत राहिली, पण हा ताप पसरवणारे डास ज्यात वाढतात, त्या घरातल्या पाण्याकडे बघायचं राहून गेलं.

यावर कुणी म्हणेल की विषाणूच बदलला होता, मग जुनी आठवण असून काय उपयोग? बदलला होता हे खरं. भारतातले 1963 ते 1973 चे विषाणू आशियाई वंशाचे होते, 2006 चा आफ्रिकी वंशाचा. पण वंश प्रयोगशाळेत कळतो; दुखणारं मनगट तेच होतं, ताप पसरवणारा एडिस डासही तोच. दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे : रक्त तपासल्याशिवाय डेंग्यू वेगळा कसा ओळखणार? 1779 साली बटाव्हियात (आजच्या जकार्तात) आलेली ‘सांध्यांच्या तापा’ची साथ पुढे डेंग्यूची म्हणून गणली गेली आणि ती चिकुनगुनियाची असावी असं संशोधकांना फार उशिरा वाटलं. म्हणूनच निव्वळ लक्षणांवर निकाल देऊ नये, हे मला मान्य आहे. पण लक्षणं जाणणारा माणूस निदान वेळेवर दवाखाना गाठतो. डेंग्यूत धोका अनेकदा ताप उतरताना असतो. पोटात जोराचं दुखणं, सारख्या उलट्या, हिरड्यांतून रक्त, कमालीची अस्वस्थता दिसली की थांबायचं नाही. आणि डेंग्यू नाही हे कळेपर्यंत सांधेदुखीसाठी अ‍ॅस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन घ्यायचं नाही, हेही त्याला ठाऊक असतं.

या आठवणीत पाण्याचं भांडंही असायला हवं. ‘डास पावसाळ्यात होतात’ ही समजूत मराठवाड्याला पुरत नाही. एडिस गटाराच्या घाणीपेक्षा घरात साठवलेल्या स्वच्छ पाण्यावर वाढतो, आणि इथे पाणी साठवलं जातं ते टंचाईमुळे. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आलं ते कुर्डुवाडी-बार्शीच्या त्याच जुन्या वाटेने. नळ कधी येईल याचा भरवसा नसेल तेव्हा बॅरल, रांजण, हौद भरून ठेवणाऱ्याला दोष देता येत नाही, आणि आठवड्याला ‘कोरडा दिवस’ पाळा, म्हणजे भांडी रिकामी करून कोरडी ठेवा, असं त्याला सांगणाऱ्याने पाण्याची पाळीही सांगितली पाहिजे. पाणी ओतून देणं परवडत नसेल तर निदान घट्ट झाकण, वर बांधलेलं फडकं. आणि रांजण रिकामा होईल तेव्हा आतली कड घासायची. खसखशीपेक्षाही बारीक, काळी अंडी पाण्याच्या रेषेशी चिकटलेली असतात. ती कोरडी पडूनही महिनोन् महिने टिकतात, आणि पुन्हा पाणी भरलं की फुटतात.