कौल, स्लॅब आणि सोलर चिमणी : घरातल्या हवेचा इतिहास

तत्त्वज्ञान शिकवण्यात आयुष्य गेलेल्या माणसाने घरातल्या हवेवर बोलावे, याचे काहींना नवल वाटेल. पण आपल्या वैशेषिकांनी फार पूर्वीच सांगून ठेवले आहे की वायू डोळ्यांना दिसत नाही. स्पर्शावरून त्याचे अनुमान करावे लागते. न दिसणाऱ्या गोष्टीचा इतिहासही असाच खुणांवरून लिहावा लागतो. मसुरे गावात या खुणा अजून शिल्लक आहेत, म्हणून इथूनच सुरुवात करू.

आम्ही तीस वर्षांपूर्वी जुने कौलारू घर उतरवून स्लॅबचे बांधले. दरवर्षीची शाकारणी, वाळवी लागलेले वासे, यांचा कंटाळा आला होता. पहिल्याच पावसाळ्यात कपाटामागे बुरशी आली, पुस्तकांना वास यायला लागला. मे महिन्यात तर रात्री अकरा वाजतासुद्धा छत तव्यासारखे गरम. बांधकाम चालू असताना गवंडी म्हणाला होता, "सर, वाफ भायर जावक वाट खंय ठेवल्यात?" आम्ही हसून सोडून दिले. चूक आमचीच होती. आजचे बोलणे म्हणजे त्या चुकीचा अभ्यास समजा.

जुन्या घराकडे बघा. जांभ्याच्या चिऱ्यांच्या भिंती, पुढे पडवी, मध्ये माजघर, वर माळा, आणि उतरत्या छपरावर आधी नळे, पुढे मंगलोरी कौले. बासेल मिशनने १८६५ मध्ये मंगळूरला कौलांचा कारखाना काढला आणि ती कौले पुढे किनाऱ्याकिनाऱ्याने पोचली. कौलांमधल्या फटींना आपण दोष देतो. पण उन्हाने कौले तापली की त्यांच्याखालची हवा तापते, हलकी होते, फटींतून निघून जाते. आणि तिची जागा घ्यायला पडवीच्या सावलीतली गार हवा दारातून आत येते. चुलीचा धूर याच वाटेने जायचा. न्यायशास्त्रात धुरावरून अग्नीचे अनुमान करतात. त्याच धुरावरून आपल्याला हवेची वाट ओळखता येते. अर्थात जुने घर म्हणजे स्वर्ग नव्हता. सगळा धूर काही वर जात नसे. बराचसा चुलीपाशी बसलेल्या बायकांच्या डोळ्यांत आणि छातीत जाई. हे विसरून जुन्याचे गोडवे गाऊ नयेत.

या घरांतून आपले चाकरमानी मुंबईच्या गिरण्यांत गेले आणि चाळीतल्या एकेका खोलीत दाटीने राहिले. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. रोगाचे मूळ घाण आणि कोंदट हवेत आहे, असा तेव्हाच्या अनेक अधिकाऱ्यांचा समज होता. १८९८ मध्ये इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्याने दाट वस्त्या पाडल्या, रुंद रस्ते काढले, आणि साडेत्रेसष्ट अंशांचा प्रकाशकोनाचा नियम आणला. सोप्या भाषेत सांगायचे तर, समोर जेवढी उंच इमारत, तिच्या निदान निम्मी मोकळी जागा मध्ये सोडायची. गंमत अशी की त्याच १८९८ साली पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरांनी कराचीत दाखवून दिले की प्लेग उंदरांवरच्या पिसवांमुळे पसरतो. म्हणजे कारण चुकले होते, उपाय मात्र फुकट गेला नाही. कारण क्षयासारखा रोग कोंदट खोलीत खरोखरच पसरतो. फक्त ज्यांची घरे पाडली, त्या गरिबांना तेवढी नवी घरे मिळाली नाहीत. मोकळ्या हवेची किंमत कोणी मोजली, हा प्रश्न तेव्हापासूनचा आहे.

आता सूर्याकडून काम करून घेण्याचा इतिहास. १८८१ मध्ये अमेरिकेतल्या सेलमच्या एडवर्ड मोर्स यांनी एका युक्तीचे पेटंट घेतले. उन्हाच्या बाजूला काळपट पृष्ठभाग, त्याच्यापुढे काच, आणि खाली-वर झडपा. पुढे फ्रान्समध्ये फेलिक्स त्रोंब यांनी ती कल्पना उचलली. १९६७ मध्ये ओदेयो इथे तसे घर उभे राहिले. थंड मुलुखातली माणसे ती. त्यांना घर गरम करायचे होते. पण वरची झडप घराबाहेर उघडली की तीच रचना आतली हवा ओढून बाहेर टाकते. हीच आपली सोलर चिमणी. आपल्याकडे चार्ल्स कोरिया यांनी १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला अहमदाबादेत अरुंद, लांबट 'ट्यूब हाउस' बांधले. त्यात तापलेली हवा उतरत्या छताखालून वर सरकून माथ्यावरच्या झरोक्यातून निघून जाई. आपल्या माळ्यावर दुसरे काय होत होते?

थोडा हिशेब करू. चिमणी चार मीटर उंच, आतली हवा बाहेरच्यापेक्षा पाच अंश गरम, तोंड एक चौरस फुटाचे, आणि अडथळ्यांसाठी चाळीस टक्के वजा केले, तर तासाला सुमारे २२५ घनमीटर हवा बाहेर जाते. दहा बाय बारा फुटांच्या, दहा फूट उंच खोलीतली हवा तासात सहा-सात वेळा बदलते, आणि विजेचे बिल शून्य. पण खाली हवा आत यायला वाट हवीच. तोंड बांधलेल्या बाटलीतून पाणी पडत नाही.

२०१८ मध्ये केंद्र सरकारने घरांसाठी 'इको निवास संहिता' आणली. आपल्यासारख्या उष्ण-दमट हवामानात खिडक्या-दारांचा उघडणारा भाग जमिनीच्या क्षेत्रफळाच्या १६.६६ टक्के, म्हणजे सहावा हिस्सा असावा, असे ती सांगते. गावातल्या छोट्या घराला ती लागू होत नाही. पण शहाणपणाला सक्ती कशाला हवी?

मर्यादाही सांगतो. ही चिमणी म्हणजे एसी नव्हे; आत येणारी हवा ती गार करत नाही. आणि जुलैत ऊनच नसेल तर ती मंदावते. तेव्हा स्वयंपाकाची आणि घरात वाळत घातलेल्या कपड्यांची वाफ बाहेर काढायला छोटा एक्झॉस्ट फॅन लागतो.

आम्ही आता गच्चीकडे जाणाऱ्या जिन्याच्या माथ्यावर, पावसाची झड येणार नाही अशा झडपा बसवल्या आहेत. आमच्या घराची चिमणी म्हणजे तो जिनाच. मे महिन्यातल्या रात्री सुसह्य झाल्या. कपाटामागची बुरशी कमी झाली, गेली नाही. भिंत फोडून वाट काढायला मूळ कामाच्या मानाने फार खर्च आला, तो वेगळाच.

म्हणून या सभेत ज्यांचे स्लॅब यंदा पडायचे आहेत, त्यांना एकच विनंती. सळ्या बांधायच्या आधी गवंड्याला बोलवा आणि त्याने आम्हाला विचारलेला प्रश्न तुम्ही त्याला विचारा. तो काय सांगतो ते ऐका. आम्ही ऐकले नव्हते.