गळ्यांतील नाणीं



ध्वनिक्षेपकाशेजारीं, या मेजावर, मीं एक लहानसें सोन्याचें नाणें ठेवलें आहे. तुम्हांला तें दिसत नाहीं, म्हणून त्याचें वर्णन करतों. आंगठ्याच्या नखाहून थोडें मोठें, पत्र्यासारखें पातळ, वजनानें सुमारें साडेतीन ग्रॅम. वरच्या कडेला एक बारीक कडी डाखानें जोडलेली आहे. एका बाजूस दोन मनुष्याकृति आहेत. एक उभी, दुसरी तिच्यापुढें गुडघे टेकून बसलेली, आणि दोघांच्या मध्यें निशाणाची काठी. दुसऱ्या बाजूस अंड्याच्या आकाराचें एक वलय, त्यांत चांदण्या आणि मधोमध एक उभी मूर्ति. आमच्या घरीं हिला पुतळी म्हणत. माझ्या आजीच्या गळ्यांत अशा एकवीस पुतळ्यांची माळ होती. त्यांतली ही एक उरली. बाकीच्या वीस कोठें गेल्या तें ओघानें सांगेनच; तो अपराध माझा आहे.

जुन्या वस्तु धुंडाळून त्यांपासून घरच्या घरीं कांहीं शोभेचें वा उपयोगाचें करण्याची हौस हल्लीं पुष्कळांना आहे. शाळेंतून निवृत्त झाल्यापासून मीहि त्यांतलाच एक. जुन्या बाजारांत जावें, गोणपाटावर पसरलेल्या बिजागऱ्या, कुलपें, अडकित्ते यांच्या ढिगांतून चार नाणीं निवडावीं, आणि घरीं आणून तीं रेशमाच्या दोऱ्यांत गाठवावीं, हा माझा उद्योग. घरांतलीं माणसें याला पोरखेळ म्हणतात. परंतु नाणें गळ्यांत घालण्याचा हा खेळ आपल्याकडे दोन हजार वर्षें तरी चालत आला आहे, आणि त्याचा इतिहास एखाद्या बखरीइतकाच वाचनीय आहे.

प्रथम पुतळीचें मूळ पाहूं. ती मूळची आपल्याकडची नव्हे. इटलीच्या ईशान्य टोंकास समुद्राच्या खाडींत वसलेलें व्हेनिस हें पूर्वीं एक स्वतंत्र व्यापारी राज्य होतें. तेथें १२८४ सालीं डुकाट नांवाचें सोन्याचें नाणें पाडावयाचें ठरलें. त्यावरील उभी आकृति त्या नगराचा रक्षक संत मार्क याची. गुडघे टेकलेला तो त्या राज्याचा निवडलेला अधिपति, ज्यास तिकडे डोज म्हणत. आणि मागल्या बाजूची मूर्ति येशू ख्रिस्ताची. सोनें जवळजवळ शंभर नंबरी. विशेष हा कीं, पुढें पांचशें वर्षें, म्हणजे १७९७ सालीं नेपोलियननें तें राज्य बुडवीपर्यंत, या नाण्याचें चित्र, वजन व कस हीं जवळजवळ बदललींच नाहींत. बदले तें फक्त डोजचें नांव. पणजोबाच्या वेळीं जो कस तोच पणतूच्या वेळीं. अशा नाण्यावर परमुलखांतल्या सराफांनीं डोळे मिटून विश्वास ठेवला यांत नवल काय?

युरोपला मिरीं हवीं होतीं, सुंठ हवी होती, कापड हवें होतें. आणि मोबदल्यांत आपल्या लोकांना हवा असा माल युरोपपाशीं थोडा होता. म्हणून सोनें येई. कांहीं अलेक्झांड्रियाहून तांबड्या समुद्राच्या वाटेनें, कांहीं बसऱ्याहून इराणी आखाताच्या वाटेनें, तें आपल्या पश्चिम किनाऱ्यावर उतरे. कृष्णाजी अनंत सभासदानें १६९७ च्या सुमारास लिहिलेल्या बखरींत शिवाजी महाराजांच्या खजिन्यांतील नाण्यांची यादी आहे. तींत होन आणि मोहरा यांच्या पंक्तीला पुतळ्याहि बसल्या आहेत.

नाण्याबरोबर शब्दहि प्रवास करतात. अरबी भाषेंत नाण्याच्या ठशाला सिक्का म्हणतात, आणि तो शब्द आपणहि घेतला आहे. व्हेनिसच्या लोकांनीं तोच उचलून आपल्या टांकसाळीला ‘झेक्का’ म्हटलें, आणि तींतून निघणाऱ्या डुकाटला ‘झेक्किनो’ हें नांव पडलें. हिंदुस्थानांतले जुने इंग्रज त्याचा संक्षेप करून चार रुपयांना एक ‘चिक’ म्हणत. इंग्रजींत तो शब्द ‘सीक्विन’ झाला आणि शेवटीं कापडावर शिवावयाच्या चकचकीत टिकलीला लागला. लग्नाच्या शालूवर ज्या टिकल्या चमकतात त्यांच्या इंग्रजी नांवांत अशी एक टांकसाळ लपलेली आहे!

चित्राचा अर्थ मात्र जो तो आपापल्या परीनें लावी. दक्षिणेंत तमिळ मुलखांत या नाण्याला ‘शाणार कासु’ म्हणत. शाणार म्हणजे ताडी काढणारा. निशाणाची ती काठी म्हणजे ताडाचें झाड आणि शेजारचा मनुष्य झाडावर चढणारा, असा तेथल्या लोकांचा समज. माझी आजी म्हणे, “उभा आहे तो राम, आणि गुडघे टेकलेला मारुति.” मीहि कितीएक वर्षें तेंच खरें मानीत होतों. अजूनहि ही पुतळी हातांत घेतली कीं प्रथम मारुतिच दिसतो, डोज मागून दिसतो.

माळ करण्याची रीत अगदीं साधी होती. सोनारानें प्रत्येक पुतळीला कडी लावून द्यावी आणि पटवेकऱ्यानें त्या तांबड्या रेशमांत गाठवाव्या. हाताला वळण असलेल्या बायका गाठवण्याचें काम घरींहि करीत. यांत एक मोठी सोय असे. दुष्काळ पडला, दुखणें आलें, तर एक पुतळी सोडवून मोडावयाची आणि उरलेली माळ ओढून पुन्हां गाठावयाची. दागिना तसाच राही, फक्त थोडा आंखूड होई. माझ्या आजीची माळ तिच्या सासूच्या वेळीं एकवीसांहून मोठी होती असें सांगत. किती पुतळ्या कोणत्या वर्षीं गेल्या याचा हिशेब कोणी लिहून ठेवला असता तर आमच्या घराण्याचा सारा इतिहास त्यांतच आला असता.

आतां माझी गोष्ट. १९८८ सालीं धाकट्या बहिणीचें लग्न ठरलें. तिला पाटल्या करावयाच्या होत्या आणि मास्तरकीच्या पगारांत त्या होण्याजोग्या नव्हत्या. मीं आईकडे माळ मागितली. आईनें ती विनातक्रार काढून दिली. मात्र एक पुतळी कातरून घेऊन देव्हाऱ्यांत ठेवली. “सगळी माळ मुशींत घालूं नये,” एवढेंच म्हणाली. माळ घेऊन मी सोनाराकडे गेलों. त्यानें एकेक पुतळी नखावर वाजवून पाहिली, भिंग लावून पाहिली आणि म्हणाला, “मास्तर, यांतल्या सात अस्सल आहेत. बाकीच्या तेरा गांवठी ठशाच्या. अस्सल तेवढ्या तरी ठेवा.” मीं विचारलें, “सोन्यांत कांहीं फरक आहे का?” तो म्हणाला, “फारसा नाहीं.” मग ठेवावयाच्या कशाला, असें मला वाटलें. इतिहास शिकविणारा मी. वर्गांत व्हेनिसच्या व्यापारावर दोन तास बोलत असें. पण पाठ्यपुस्तकांतलें व्हेनिस माझ्या हातांतल्या रुमालांत बांधलेलें आहे हें मला कळलें नाहीं. तासाभरानें वीस पुतळ्यांची एक लगड झाली.

कांहीं वर्षांनीं एका पुस्तकांत डुकाटचें छायाचित्र पाहिलें आणि पायांखालची जमीन सरकली. घरीं जाऊन देव्हाऱ्यांतली पुतळी काढली. कडेचीं अक्षरें स्पष्ट होतीं: ‘लुडोव्ह मानिन’. हा लुडोव्हिको मानिन व्हेनिसचा शेवटचा डोज. १७८९ ते १७९७ हा त्याचा काळ. म्हणजे इकडे पुण्यांत सवाई माधवरावांची पेशवाई चालू असतां, खर्ड्याची लढाई व्हावयाची असतां किंवा नुकतीच झाली असतां, हें नाणें तिकडे पाडलें गेलें. तें राज्य बुडालें, पेशवाई बुडाली. नाणें मात्र कोणा बाईच्या गळ्यांत जाऊन बसल्यामुळें वांचलें.

पुष्कळ दिवस मी त्या सात अस्सल पुतळ्यांसाठीं हळहळत होतों. पुढें माझें मत बदललें. व्हेनिसचे डुकाट जगांतल्या अनेक संग्रहालयांत आहेत. माझ्या सातांनीं तेथली उणीव भरून निघाली असती असें नाहीं. मला खरें दुःख होतें तें त्या तेरा गांवठी पुतळ्यांचें. व्हेनिसचें राज्य बुडालें, पण पुतळ्यांची मागणी बुडाली नाहीं. आणि त्यापूर्वींहि येणाऱ्या नाण्यांपेक्षां गळे अधिकच होते. तेव्हां आमच्या सोनारांनीं आपले ठसे कोरले. त्यांना लॅटिन अक्षरें वाचतां येत नव्हतीं. म्हणून अक्षरांच्या रेघा झाल्या, रेघांचे ठिपके झाले. संताचा झगा धोतरासारखा दिसूं लागला. जाणकार अशा पुतळ्यांना नकली म्हणतात आणि बाजूस सारतात. मला तर वाटतें कीं अस्सल पुतळींत व्हेनिस आहे, पण या नकलेंत आमचा एक सोनार बसलेला आहे, ज्यानें कधीं न पाहिलेल्या नगराचें चित्र डोळ्यांत तेल घालून कोरलें. त्याचें नांव कोठेंच नाहीं. होतें तें त्याचें काम, आणि तें मीं आटविलें.

अशा नकला करण्याची आपली परंपरा किती जुनी आहे तें पाहावयाचें असेल तर धाराशिव जिल्ह्यांतील तेर या गांवीं जावें. हें गोरोबाकाकांचें तेर, आणि त्याहून फार पूर्वींचें तगर. पहिल्या शतकांतल्या ग्रीक प्रवासवर्णनांत लिहिलें आहे कीं, या तगराहून कापड गाड्यांत भरून भडोचच्या बंदरास जाई. त्या काळीं रोमचें सोनें-चांदी इकडे इतकी येई कीं, दर वर्षीं पांच कोटि सेस्टर्स हिंदुस्थान ओढून नेतो म्हणून प्लिनी नांवाच्या रोमन ग्रंथकारानें रडगाणें गाइलें आहे. पण तगरांतल्या प्रत्येकाच्या वाट्याला सोनें थोडेंच येणार? ज्यांना तें मिळालें नाहीं त्यांनीं रोमन नाण्याचा छाप मातींत उठविला, दोरा ओवावयास जागा ठेवली, भाजलें, आणि गळ्यांत घातलें. रोमन सम्राटाच्या मुखवट्याचीं अशीं मातीचीं पदकें तेरला सांपडलीं आहेत, दख्खनमधल्या दुसऱ्या जुन्या वसाहतींतहि सांपडलीं आहेत. पुढें ज्या गांवांत संत कुंभार व्हावयाचा होता त्या गांवाला हें साजेसेंच झालें!

तेरच्या या वस्तु वांचल्या त्या तेथल्याच एका गृहस्थामुळें. रामलिंगप्पा लामतुरे हे त्यांचें नांव. पावसाळ्यांत पांढरीची माती वाहून गेली कीं शेतांतून, घळींतून मणी, नाणीं, मातीचीं खेळणीं उघडीं पडत. लामतुरे तीं गोळा करीत. त्यांच्याच नांवाचें सरकारी वस्तुसंग्रहालय आज तेथें आहे. मी तेथें गेलों तेव्हां त्या मातीच्या पदकासमोर बराच वेळ उभा होतों. दोन हजार वर्षें तें टिकलें, कारण माती मुशींत घालून कोणाला पाटल्या करतां येत नाहींत.

सोन्यामागून चांदीकडे वळूं. १८३५ सालीं कंपनी सरकारनें सर्वत्र एकाच वजनाचा रुपया चालू केला. तो १८० ग्रेनचा, म्हणजे बरोबर एक तोळा. त्यांत बारांत अकरा भाग चांदी. घरांत तोळ्याचें वजन नसलें तर पारड्यांत रुपयाच टाकीत. राणीछाप रुपयांना कड्या लावून खेड्यापाड्यांत माळा होत. १९४० सालीं सरकारनें रुपयांतील चांदी निम्म्यावर आणली आणि १९४७ सालीं निकेलचा रुपया आला. तेव्हां जुने रुपये कोणी हातचे सोडीना. महायुद्धांत तांबें महागलें म्हणून १९४३ सालीं भोंकाचा पैसा निघाला. त्यानें तर सोनाराची गरजच ठेवली नाहीं. दोरा ओंवला कीं झाली माळ! लहान मुलांच्या करदोड्यांत तो असे, आणि स्क्रूखालीं चकती म्हणूनहि लोकांनीं तो वापरला.

ही कला आज कोठें खरी जिवंत असेल तर ती लमाण तांड्यांत. यवतमाळकडच्या एका तांड्यांत मीं एका म्हातारीची कांचळी पाहिली. आरसे, कवड्या, आणि त्यांच्या ओळींत पावली, अधेली, तसेच २०११ सालीं चलनांतून गेलेले पंचवीस पैसेहि. सारें तिनें स्वतः शिवलेलें. मीं विचारलें, “आजी, या पंचवीस पैशांना आतां काय किंमत?” ती हंसली आणि म्हणाली, “बाजारांत नसेल, मास्तर. इथें आहे.”

ज्यांना हा छंद आहे त्यांना माझ्या अनुभवाचें थोडें सांगतों. जुन्या नाण्याला भोंक पाडूं नये. बाजारांत मला एक शिवराई मिळाली. एका बाजूस ‘छत्रपति’, दुसऱ्या बाजूस ‘श्री राजा शिव’, आणि कोणीं तरी नेमका ‘शिव’ या अक्षरांतूनच खिळा पार केलेला! त्यापेक्षां तारेचें वळें करून त्यांत नाणें बसवावें, वळ्याला चार बारीक चिमटे ठेवावे; मन भरलें कीं नाणें जसेंच्या तसें बाहेर काढतां येतें. तांब्याचें नाणें चिंचेनें वा राखेनें घांसूं नये. त्यावरचा तपकिरी थर चढावयास शंभर वर्षें लागतात आणि उतरावयास दोन मिनिटें. भोंकाचे पैसे मात्र खुशाल ओंवावे. आणि नांगरतां-खणतां जमिनींत जुना ठेवा सांपडला तर तो छंदाचा विषय नव्हे. १८७८ च्या कायद्याप्रमाणें, दहा रुपयांहून अधिक किंमतीचा असल्यास, त्याची वर्दी कलेक्टरांस द्यावी लागते.

बहिणीच्या हातांत त्या पाटल्या अजून आहेत. दिवाळींत ती आली कीं माझी दृष्टि तिच्या हाताकडे जाते. तिला कारण ठाऊक आहे, म्हणून ती पदर ओढून घेते. गेल्या दिवाळींत माझ्या नातीनें भिंग घेऊन पुतळीवरचें ‘मानिन’ हें नांव स्वतः लावलें, आणि विचारलें, “आजोबा, त्या तेरा पुतळ्यांवर काय लिहिलें होतें?” मीं कागद घेतला. सोनारानें भिंगाखालीं धरलेल्या त्यांतल्या एकीचें रूप मला थोडेंसें आठवतें: उजव्या कडेला पांच उभ्या रेघा, मग दोन ठिपके, मग उलट्या वेलांटीसारखें कांहीं तरी. तेवढें काढून दिलें. तिनें निळ्या रेशमाच्या दोऱ्यानें तो कागद गुंडाळला आणि पुतळीच्या डबींत ठेवला. खालीं मीं तारीख घातली आहे.