कंपवाताचा रुग्ण आणि भोर समितीचा आराखडा

आपल्या सरकारी आरोग्यसेवेचा पाया १९४६च्या भोर समितीच्या अहवालात आहे. त्या काळी आपलं सरासरी आयुर्मान होतं जेमतेम २७ वर्षं! समितीपुढे प्रश्न होते ते मलेरिया, कॉलरा, क्षय आणि बाळंतपणातल्या मृत्यूंचे. कंपवात, म्हणजे पार्किन्सन्स, हा बहुधा साठीच्या आसपासचा आजार. त्याचा विचार तेव्हा कोण करणार?

पुढच्याच वर्षी नागपुरात आपलं 'मेडिकल' सुरू झालं. रुग्णाने यायचं, उपचार घ्यायचे, बरं होऊन घरी जायचं, अशी ही सगळी रचना. कंपवात या रचनेत बसत नाही.

जेम्स पार्किन्सनने १८१७ साली लंडनमध्ये त्याचं वर्णन केलं. पण प्रभावी औषध यायला दीडशे वर्षं लागली. १९६७मध्ये कोत्झियास यांनी लेव्होडोपाचे मोठे डोस दिले आणि जखडलेली माणसं हिंडू-फिरू लागली. आजार मात्र आतून वाढतच राहतो. पुढे तोल जातो, गिळताना ठसका लागतो, भास होतात. सिडनीच्या एका अभ्यासात २० वर्षांनंतर हयात असलेल्यांपैकी ८३ टक्के रुग्णांना स्मृतिभ्रंश झालेला होता.

अशा रुग्णाला गडचिरोलीहून नागपूरच्या ओपीडीत आणायचं म्हणजे काय, ते घरच्यांनाच विचारा. भरती केलं तरी गोळी त्याच्या वेळेवर हवी, वॉर्डाच्या नाही. तास-दोन तास उशीर झाला की माणूस जखडतो. भास होतात म्हणून हॅलोपेरिडॉल किंवा उलटीसाठी मेटोक्लोप्रमाइड दिलं, तर कंपवात बळावतो. एवढं तरी प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात ठाऊक असायला नको का?

मार्ग नाहीत असं नाही. २०१०-११च्या राष्ट्रीय वृद्ध आरोग्य कार्यक्रमात अंथरुणाला खिळलेल्यांना घरी जाऊन भेटणं आणि घरच्यांना शिकवणं, हे उपकेंद्राचं काम म्हणून लिहिलेलं आहे. केरळने २००८मध्ये घरपोच उपशामक सेवेचं धोरण केलं. मुंबईत २००१पासून पार्किन्सन्स सोसायटी रुग्णांचे आधारगट चालवते.

आता प्रश्न न्यायाचा. ही सेवा आजही कोणीतरी देतंच आहे. बहुतेक घरांत ती पत्नी असते, नाहीतर सून. रात्री चार वेळा उठून ती कूस बदलून देते. तिचे कष्ट कोणत्याच आराखड्यात धरलेले नाहीत. नवा आराखडा करताना खाटा जरूर मोजा, पण आधी अशी घरं मोजा. गावोगावच्या आशाताईंकडून ती यादी करून घेता येईल. सुरुवात विदर्भातून करू या.