सुरक्षेच्या कामातील स्वमग्न आणि डिस्लेक्सिक अभियंते : कायदा व कार्यस्थळ

कोलकाता विमानतळावर १९ फेब्रुवारी २०१२ रोजी गोव्याला निघालेल्या विमानातून जीजा घोष यांना उतरवण्यात आले. सेरेब्रल पाल्सी असलेल्या घोष एका परिषदेसाठी निघाल्या होत्या. प्रवासात त्यांची प्रकृती बिघडेल, असे कारण देण्यात आले. डॉक्टरांचा सल्ला मात्र घेण्यात आला नव्हता. सर्वोच्च न्यायालयाने १२ मे २०१६ रोजी विमान कंपनीला दहा लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला.

खटला प्रवाशाचा असला तरी त्यातील प्रश्न कारखाने, खाणी आणि रेल्वे यांनाही लागू होतो. सुरक्षेचे कारण पुढे करून एखाद्या व्यक्तीला दूर ठेवायचे असेल, तर तो धोका खरोखर तपासला गेला आहे काय? कोल इंडिया आणि भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण यांची मुख्यालये, गार्डन रीचची जहाजबांधणी आणि १९८४ मध्ये सुरू झालेली देशातील पहिली मेट्रो असलेल्या या महानगरात जोखमीचे अभियांत्रिकी काम करणाऱ्यांची संख्या मोठी आहे. त्यांच्यात स्वमग्नता, डिस्लेक्सिया किंवा एकाग्रतेचा अभाव व अतिचंचलता असलेले लोकही असणारच. मेंदूच्या कार्यपद्धतीतील अशा वैविध्याला ‘न्यूरोडायव्हर्सिटी’ असे म्हटले जाते.

१९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यात सात प्रकारांचा समावेश होता. स्वमग्नता आणि विशिष्ट अध्ययन अक्षमता त्यांत नव्हत्या. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने ही संख्या एकवीस केली. सरकारी नोकऱ्यांतील चार टक्के आरक्षणापैकी एक टक्का स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता, अध्ययन अक्षमता, मानसिक आजार व बहुविकलांगता यांसाठी आहे. सरकारी आस्थापनांनी कर्मचाऱ्याला ‘वाजवी सोय’ देणे बंधनकारक असून, समान संधी धोरण जाहीर करण्याची अट खासगी आस्थापनांनाही लागू आहे. कामाचे स्वरूप पाहून एखाद्या आस्थापनेला सूट देण्याचा अधिकार सरकारने राखून ठेवला आहे. आरक्षणापेक्षा प्रत्यक्ष कामात उपयोगी पडते ती वाजवी सोय. ती व्यक्तीनुसार, त्या व्यक्तीशी बोलून ठरवावी लागते, असे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२१ मधील विकास कुमार प्रकरणात स्पष्ट केले.

या सोयी बहुधा खर्चिक नसतात. डिस्लेक्सिया असलेल्या अभियंत्यासाठी वर्क परमिटमधील मजकूर आकृतीसह द्यावा आणि काम सुरू होण्यापूर्वी मोठ्याने वाचून घ्यावा. ६९ आणि ९६ असे क्रमांक असलेले व्हॉल्व्ह रंगानेही वेगळे दाखवावेत. स्वमग्न व्यक्तीला ‘जरा लक्ष ठेवा’ या सूचनेपेक्षा ‘दर अर्ध्या तासाने दाब नोंदवा’ ही सूचना उपयोगी पडते. तीव्र आवाज सहन न होणाऱ्याला कर्णरक्षक द्यावेत, पण मग भोंग्याबरोबर लुकलुकणारा दिवाही हवा. अन्यथा सोयच धोका ठरेल. शिफ्टमधील बदल आधी कळवावा आणि तोंडी दिलेला आदेश नंतर लेखीही द्यावा.

यातले नवे फार थोडे आहे. भारतीय रेल्वेत दोन स्थानकांचे स्टेशनमास्तर गाडी सोडण्यापूर्वी प्रायव्हेट नंबरांची देवाणघेवाण करून ती नोंदवतात. कोणाच्याही स्मरणशक्तीवर विसंबायचे नाही, हे त्यामागील गृहीतक. सुरक्षेची चांगली पद्धत सगळ्यांच्याच चुका धरून चालते, आणि तिचा लाभ वेगळ्या पद्धतीने विचार करणाऱ्याला आपोआप मिळतो.

खरी अडचण दडवण्याची आहे. निदान सांगितले तर ‘अपात्र’ असा शिक्का बसेल, या भीतीने अनेक जण गप्प राहतात. मग ज्याला सूचना नीट वाचता आली नाही, तो समजल्यासारखी मान हलवतो. धोका येथे निर्माण होतो. म्हणून पात्रतेची तपासणी निदानाच्या नावावरून न होता प्रत्यक्ष कामावरून व्हायला हवी. काही कामे काहींना जमणार नाहीत, हेही तपासणीनंतरच म्हणता येईल. याउलट, स्वमग्न व्यक्ती दोष शोधण्यात हमखास तरबेज असते, हा समजही तितकाच आंधळा आहे.

महाराष्ट्रात अध्ययन अक्षमता असलेल्या विद्यार्थ्यांना १९९६ पासून परीक्षेत सवलती मिळू लागल्या. त्यांतील पहिले विद्यार्थी आता चाळिशीच्या पुढे असून, परीक्षागृहात मिळालेला जादा वेळ कामाच्या ठिकाणी मागण्याची सोय बहुतेकांना नाही.

सुरक्षा अधिकाऱ्यांचे प्रशिक्षण मुंबईतील केंद्रीय श्रम संस्था आणि कोलकात्यासह अन्य शहरांतील प्रादेशिक श्रम संस्थांमध्ये होते. कार्यस्थळाची पाहणी करणारे हेच अधिकारी असल्याने हा विषय तेथे पोहोचणे अधिक उपयुक्त ठरेल. एक उणीव मात्र कायद्यातच आहे : एकाग्रतेचा अभाव व अतिचंचलता या स्थितीचा एकवीस प्रकारांच्या यादीत स्वतंत्र उल्लेख नाही.