पॉलिएस्टर : उष्णतेची आणि रसायनांची किमया

अमरावती-नागपूर महामार्गावरील तिवसा हे कापसाच्या पट्ट्यातील तालुक्याचे ठिकाण. येथून एका दिशेला, नागपूरजवळील बुटीबोरी येथे पॉलिएस्टर तंतू व धागा तयार करणारा इंडोरामा प्रकल्प आहे. दुसऱ्या दिशेला अमरावतीलगत नांदगाव पेठची वस्त्रोद्योग वसाहत असून तेथील 'पीएम मित्र' पार्कची पायाभरणी सप्टेंबर २०२४ मध्ये झाली. कापूस पिकविणाऱ्या वऱ्हाडातही रोजच्या वापरातील कापड बहुधा सुती आणि पॉलिएस्टर यांच्या मिश्रणाचे, म्हणजे टेरिकॉटचे असते. त्यामुळे या तंतूचे गुणधर्म जाणून घेणे उपयुक्त ठरते.

व्हिनफिल्ड आणि डिक्सन या ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञांनी १९४१ मध्ये पॉलिएस्टरचा हा तंतू प्रथम तयार केला. 'टेरिलीन' हे त्याचे व्यापारी नाव. पाण्याच्या बाटल्यांचे प्लॅस्टिकही रासायनिकदृष्ट्या हेच असते.

पॉलिएस्टरमधील लांबलचक रेणूसाखळ्या ७० ते ८० अंश सेल्सिअसच्या पुढे सैल होऊ लागतात आणि सुमारे २६० अंशांना तंतू वितळतो. या दोन मर्यादांच्या दरम्यान सारी प्रक्रिया चालते. कारखान्यात कापड ताणून धरून सुमारे १८० ते २१० अंशांची उष्णता काही सेकंद देतात. त्यामुळे साखळ्या नव्या जागी स्थिरावतात आणि कापडाचा आकार पक्का होतो. टेरिकॉटची घडी धुतल्यावरही टिकते आणि कापड आटत नाही ते यामुळेच. इस्त्री मात्र प्रमाणाबाहेर तापली, तर कापड आकसते आणि त्यावर चकाकी येते.

रंगाईतही उष्णता आवश्यक असते. पॉलिएस्टर पाणी जवळजवळ शोषत नाही. सुती कापडाचे रंग त्यावर बसत नाहीत. त्यासाठी वेगळे, पाण्यात अत्यल्प विरघळणारे रंग लागतात. बंद यंत्रात दाबाखाली पाणी सुमारे १३० अंशांपर्यंत तापविले, की साखळ्यांमधील जागा खुल्या होऊन रंगाचे कण आत शिरतात. टेरिकॉटला म्हणूनच दोन प्रकारचे रंग द्यावे लागतात.

रसायनांचा परिणामही दोन्ही तंतूंवर भिन्न होतो. कॉस्टिक सोड्याने कापूस फुगतो व त्याला तजेला येतो. उष्ण कॉस्टिक सोडा पॉलिएस्टरचा पृष्ठभाग मात्र कुरतडतो. तंतू बारीक होऊन कापड रेशमासारखे मऊ पडते. मात्र वजनाबरोबर बळकटीही घटते, म्हणून ही प्रक्रिया मोजूनमापून करावी लागते. याउलट, सुमारे ७० टक्के तीव्रतेच्या गंधकाम्लात कापूस विरघळतो, पॉलिएस्टर शिल्लक राहते. मिश्र कापडातील दोहोंचे प्रमाण प्रयोगशाळेत याच रीतीने ठरवितात.

वितळण्याचा गुण आगीत घातक ठरतो. सुती कापड जळून कोळसा होते. पॉलिएस्टर वितळून कातडीला चिकटते आणि जखम खोल करते. म्हणून शेगडीजवळ आणि दिवाळीत फटाके उडविताना सुती कपडे वापरणे हितकारक. दुर्घटना घडलीच, तर चिकटलेले कापड ओढू नये; भाजलेल्या भागावर साध्या थंड पाण्याची धार धरावी आणि त्वरित वैद्यकीय मदत घ्यावी.